भट्टी एकाची, फुंकर गावाची

लोखंड 1538 अंश सेल्सिअसला वितळतं. हे वाक्य लाखनीतल्या दोन पिढ्यांनी आमच्या शेजारच्या सरांच्या तोंडून ऐकलं, वहीत लाल शाईनं अधोरेखित केलं, परीक्षेत लिहिलं आणि एका गुणाच्या मोबदल्यात कायमचं सोडून दिलं. सर मात्र ते विसरले नाहीत. निवृत्तीनंतर हातात वेळ आला, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की ज्या आकड्यावर आपण जन्मभर पगार घेतला, ती घटना आपण एकदाही डोळ्यांनी पाहिलेली नाही. अशा वेळी इतर निवृत्त माणसं तीर्थयात्रेला जातात किंवा नातवंडांच्या अभ्यासात लुडबुड करतात. सरांनी घरामागच्या वाडीत भट्टी लावायची ठरवली.

नुसतं 'लोखंड वितळवायचंय' म्हटलं असतं तर काकूंनी ते उंबऱ्यावरच अडवलं असतं. म्हणून सरांनी त्याला प्रपंचाची जोड दिली. घरात बिडाचा तवा नव्हता. म्हणजे एके काळी होता, सरांच्या आईचा. पहिला नॉनस्टिक तवा घरात आला तेव्हा तो आधी माळ्यावर गेला आणि मग एका दिवाळीच्या साफसफाईत कबाड्याच्या ठेल्यावर. लाखनीतल्याच काय, महाराष्ट्रातल्या बहुतेक बिडाच्या तव्यांचं चरित्र एवढंच आहे. पुढे नॉनस्टिकचा लेप सोलपटू लागला, नातेवाइकांच्या ग्रुपवर लोखंडी भांड्यांची महती फिरू लागली आणि नागपूरच्या दुकानांत तोच तवा खोक्यात बसून, माहितीपत्रकासह परत आला. आईच्या तव्याबरोबर माहितीपत्रक नव्हतं, आई होती. सरांनी किंमत विचारली आणि तिथेच जाहीर केलं, "एवढ्या पैशात तर मी घरी ओतीन." या वाक्यानं आजवर किती सुखी घरांची वाताहत केली असेल, याचा कुणीतरी अभ्यास करायला हवा.

काकूंचा आक्षेप वेगळाच होता आणि तो बिनतोड होता. आमचा भंडारा जिल्हा धानाचा. बांधीत धान, गिरणीत धान, ताटात दोन्ही वेळा भात. "भाताले तवा लागते का?" एवढंच त्यांनी विचारलं. सरांनी थोडा वेळ घेतला आणि म्हणाले, "धिरड्यांना लागतो." त्या घरात त्याआधी धिरडी कधी झाली होती, हे दोघांनाही आठवलं नाही, पण वाद तिथे संपला. संसारात बरेच वाद दोघांपैकी एकाला जेवायचं असतं म्हणून संपतात.

आता हे खरं की बिडाची भांडी ओतायचा खटाटोप करणारे सर काही पहिले नव्हेत. चीनमध्ये इसवी सनाच्या आधीपासून बीड ओतत आले आहेत. इंग्लंडमध्ये अब्राहम डार्बी नावाच्या गृहस्थानं 1707 मध्ये वाळूच्या साच्यात लोखंडी भांडी ओतण्याचं पेटंट घेतलं. हा डार्बी मूळचा पितळेतला माणूस. म्हणजे आपल्या भंडाऱ्याच्या जातकुळीचा. पितळेची भांडी महाग पडतात, गोरगरिबांसाठी लोखंडाची करावीत म्हणून तो इकडे वळला. त्याचा साथीदार जॉन थॉमस आणि तो मिळून दार लावून प्रयोग करत आणि कुणी डोकावू नये म्हणून कुलपाचं भोकसुद्धा बुजवून ठेवत, अशी हकीकत सांगितली जाते. पुढे 1709 मध्ये त्यानं लाकडी कोळशाऐवजी कोक वापरून लोखंड काढलं आणि जगाच्या इतिहासात जाऊन बसला. इतिहासकार याचं श्रेय कोकला देतात. लाखनीत राहत आल्यामुळे माझं मत असं, की निम्मं श्रेय त्या बुजवलेल्या भोकाचं आहे.

कारण सरांच्या वाडीला कुलूप नव्हतं, दार नव्हतं, होती छातीइतकी भिंत. आणि भिंतीपलीकडे पानठेला. पानठेल्यावर सकाळपासून सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटला जातो आणि खर्रा घोटायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ माणसाला कुठेतरी पाहावं लागतं. तोवर तो रस्त्यावरच्या ट्रकांकडे पाहत होता. आता सरांच्या वाडीत एक डांबराचा रिकामा ड्रम येऊन पडला आणि राष्ट्रीय महामार्गाकडे लाखनीनं पाठ फिरवली.

"का जी सर, पाण्याची टाकी का?"

"भट्टी."

"कायची?"

"लोखंड वितळवायची."

यावर ठेल्यावर क्षणभर शांतता पसरली. मग कुणीतरी म्हणालं, "होते जी. माह्या साळ्यानं केलतं." लाखनीत असं एकही काम नाही जे कुणाच्या तरी साळ्यानं आधीच केलेलं नाही. हा साळा नंतर कधीच प्रत्यक्ष दिसला नाही, पण त्याच्या पद्धती आम्हाला शेवटपर्यंत ऐकाव्या लागल्या.

भट्टीला आतून अस्तर लागतं, नाहीतर लोखंडाच्या आधी ड्रमच वितळतो. अग्निमाती नागपूरहून आली. पण उष्णता आत कोंडून ठेवायला त्यामागे काहीतरी हवं होतं आणि ते दिलं सरांच्या एका माजी विद्यार्थ्यानं, जो आता राईस मिलवर असतो. मिलच्या बॉयलरमध्ये धानाचा तूस जाळतात, त्याची काळी-करडी राख ढिगानं पडलेली असते. सर ती फुकट मिळते म्हणून आणायला गेले आणि परत आले ते चक्रावून. या राखेत नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिका असते. उष्णता ती सहजी पुढे जाऊ देत नाही. म्हणून पोलादाच्या कारखान्यांत वितळलेल्या धातूवर पांघरूण म्हणून हीच राख पसरतात. हे सगळं त्या मुलानं सरांना तोंडपाठ सांगितलं. रसायनशास्त्रात तो दोनदा नापास झालेला. "तू हे तेव्हा का नाही लिहिलंस?" सरांनी विचारलं. "तवा तुमी इचारलं नाही जी," तो म्हणाला.

पुढे जे काही झालं त्याची चाल हीच राहिली. सरांनी ज्यांना पस्तीस गुणांवर सोडलं होतं ते एकेक करून भिंतीवरून आत आले आणि सरांना शिकवू लागले.

सगळ्यात आधी वाऱ्याचा प्रश्न. कोळसा नुसता पेटवला तर लाल होतो. लाल म्हणजे सातशे-आठशे अंश. पिवळा आणि पुढे पांढरट व्हायचा तर खालून वारा घालावा लागतो. व्हेरियर एल्विन यांनी 1942 मध्ये मध्य प्रांतातल्या आगरिया लोहारांवर जे पुस्तक लिहिलं त्यात हे लोक पायांनी भाते चालवताना दिसतात, एका पायाखाली एक. सरांच्या गुडघ्यांनी आगरियांची परंपरा चालवायला नकार दिला. तेव्हा त्यांची नजर कूलरवर गेली. महिना मे. विदर्भात मे महिन्यात कूलरकडे वाकड्या नजरेनं पाहणं म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला समजावून सांगता येणार नाही. बाहेर पारा 45 ला टेकलेला, आत काकू दुपारच्या झोपेत, आणि सर हातात पाना घेऊन कूलरच्या मागे.

त्या दुपारचा तपशील मी इथे देत नाही. एवढंच सांगतो की कूलरचा पंखा भट्टीला लागला आणि काहीही झालं नाही. पंखा फिरत होता, भिंतीवर बसलेल्या पोट्ट्यांना गार वारा लागत होता, कोळसा मात्र जसाच्या तसा. ठेल्यावरून चार वेगवेगळी कारणं आली. खरं कारण वेल्डिंगच्या दुकानातल्या माजी विद्यार्थ्यानं सांगितलं. कूलरचा पंखा हवा भरपूर हलवतो, पण तिला रेटत नाही. कोळशाच्या थरातून वारा घुसवायला दाब हवा, म्हणजे गोगलगायीच्या शंखासारखा तो लोहाराचा ब्लोअर हवा. 'बल भागिले क्षेत्रफळ म्हणजे दाब' हे सरांनी त्यालाच शिकवलं होतं. त्यानं आपला जुना ब्लोअर आणून जोडला, सरांची नायलॉनची पँट पाहून त्यांना घरात पाठवलं, सुती कपडे, चामडी बूट आणि चष्मा घालून आल्याशिवाय बटण दाबायचं नाही असं बजावलं. सर निमूट आत गेले. गणवेश नसलेल्या मुलाला त्यांनी आयुष्यभर असंच घरी पाठवलं होतं.

कूलर काकूंनी परत बसवून घेतला. तेव्हापासून घरात पाना कुठे ठेवला जातो हे सरांना ठाऊक नाही.

मग आलं भंगार. सरांच्या घराच्या बांधकामातल्या सळया उरल्या होत्या. लोखंडच ते, म्हणून सरांनी त्यांचे तुकडे मुशीत भरले आणि ब्लोअर सुरू केला. इस्त्रीवाल्याकडचा सगळा कोळसा संपला, गल्लीतल्या कपड्यांना इस्त्री मिळेनाशी झाली, सळया पिवळ्याधमक झाल्या, पण वितळायचं नाव नाही. संध्याकाळी कबाडीवाला आला. हाही सरांचाच. त्यानं मुशीत डोकावून पाहिलं आणि अत्यंत आदरानं म्हणाला, "सर, हे बीड नाही जी. हे सळाख आहे." मग त्यानं सरांची शिकवणी घेतली. बीड कसं ओळखायचं? हातोडा मारायचा. पोलाद वाकतं, बीड तुटतं. तुटलं की आत करडं, दाणेदार दिसतं. सळईत कार्बन नाममात्र असतो, ती पंधराशेच्या आसपास पोचल्याशिवाय हलत नाही. बिडात कार्बन तीन-साडेतीन टक्के, त्यामुळे ते साडेअकराशे-बाराशेलाच सैल होतं. गाडीचे ब्रेक ड्रम, विहिरीवरच्या पंपाची फुटकी बॉडी, शिलाई मशीनचे पाय, जुनी वजनं. हे सगळं बीड.

"पण मी तर 1538 शिकवलं," सर म्हणाले.

"ते शुद्ध लोखंडाचं जी," कबाडीवाला म्हणाला. "माह्याकडे शुद्ध काहीच येत नाही."

इथे मला नैकुंडची आठवण होते. नागपूर जिल्ह्यात पारशिवनी तालुक्यात, पेंचच्या काठी हे गाव आहे. शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी 1978 ते 1980 या काळात तिथे उत्खनन केलं, तेव्हा महापाषाण काळातल्या लोकांची लोखंड गाळायची भट्टी सापडली. अडीच हजार वर्षांहून जुनी आणि जेमतेम फूटभर व्यासाची. सरांच्या ड्रममध्ये अशा दोन सहज मावल्या असत्या. पण त्या लोकांनी लोखंड पातळ व्हावं असा हट्ट कधी धरला नाही. दगडातून लोखंडाचा सच्छिद्र गोळा सुटायचा, तो गरम असतानाच ठोकून ठोकून मळी बाहेर काढायची आणि कुऱ्हाड, छिन्नी, घोड्याचा लगाम, जे हवं ते घडवायचं. विदर्भातला माणूस शतकानुशतकं लोखंड घडवत आला आणि त्यात त्याचं काही अडलं नाही. ओतायची खुमखुमी आमच्या सरांना आली. नैकुंडच्या त्या भट्टीभोवतीही कुणीतरी उकिडवं बसून "माह्या साळ्याची भट्टी याहून मोठी" असं म्हणत असणार याबद्दल माझी खात्री आहे, पण असल्या गोष्टींचे अवशेष उत्खननात सापडत नाहीत.

साच्याचं प्रकरण सर्वात लांबलं. ओतकामात धातू वितळवणं हा सोपा भाग असतो, असं ज्यांना धातू वितळवता येतो ते सांगतात. साचा वाळूचा, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत रेतीचा. भंडारा जिल्ह्यात रेतीला तोटा नाही, पण रेतीचं नाव काढलं की माणूस आधी आवाज खाली आणतो. सरांनी घरच्याच बांधकामातली उरलेली घमेलंभर रेती घेतली. ती नदीची, पाण्यानं धुऊन स्वच्छ झालेली आणि म्हणूनच निरुपयोगी. तिच्यात चिकटपणा नाही. दाबली की बसते, हात काढला की ढासळते. तिच्यात माती हवी, तीही मोजकी; मग पाणी हवं, तेही मोजकं. हे प्रमाण सरांनी वहीत कोष्टक करून, वजनकाट्यावर मोजून काढायला घेतलं.

तेवढ्यात भंडाऱ्याहून एक म्हातारे ओतारी आले. पितळेत जन्म गेलेला माणूस, मुलीकडे लाखनीला राहायला आलेले. त्यांना सगळे बाबाजी म्हणत. ते भिंतीवर बसले नाहीत, सल्ला दिला नाही, खर्राही खाल्ला नाही. सरळ आत येऊन रेतीत हात घातला. मूठ आवळली, उघडली. गोळ्यावर बोटांचे ठसे उमटले का पाहिलं. गोळा मधोमध मोडला. मोडलेल्या कडा कोऱ्या राहिल्या का पाहिलं. मग तळवा पाहिला. ओल लागली होती. "पाणी जास्त," म्हणाले आणि कोष्टकाच्या वहीवर रेतीची मूठ ठेवून हात झटकला. दुसऱ्या दिवशी येताना त्यांनी वारुळाची माती आणली. तिनं काम झालं.

पाण्याच्या बाबतीत बाबाजी फार कडक होते. एक लिटर पाण्याची वाफ सोळाशे लिटरांहून जास्त जागा मागते, हे सरांना पाठ होतं. बाबाजींना ते अंगावरच्या डागांमुळे ठाऊक होतं. ओतायच्या जागेखालची फरशी त्यांनी कोरड्या रेतीनं झाकायला लावली, कारण तापलेला धातू सिमेंटवर सांडला तर आतली ओल फरशीचे तुकडे उडवते. "पितळ चिडते," ते म्हणाले, "बीड मारते." भिंतीवरची सगळी पोट्टी त्यांनी भिंतीपलीकडे उतरवली. तेवढाच काय तो दिवस लाखनीत कुणी ऐकून घेतलं.

साच्यासाठी नमुना म्हणून शेजारणीचा जुना बिडाचा तवा मागून आणला होता. तो रेतीत दाबला, वरच्या पेटीत रेती ठोकली, पेटी उचलली, तर अर्धा साचा तव्याला चिकटून वर आला. मध्ये कोरडी भुकटी भुरभुरायची असते. सरांकडे काय उरलं होतं? खडू. त्यांनी खोका भरून खडू कुटले. पण हल्लीचे खडू जिप्समचे, ते ओल शोषून आणखी चिकटतात. शेवटी लागते ती शंखजिऱ्याची पूड, आणि शंखजिरं घरात कुठे असतं, तर काकूंच्या पावडरीच्या डब्यात. कूलरनंतरचा हा दुसरा हल्ला. साचा मात्र असा सुटला, की रेतीवर तव्याखालचं कारखान्याचं नाव उलट अक्षरांत वाचता आलं आणि वाडीत दिवसभर सुगंध दरवळला.

पहिल्यांदा लोखंड वितळलं तो दिवस सरांच्या आयुष्यातला मोठा. मुशीत पाहिलं तर आत प्रकाशाचा एक लोळ हलत होता. सर बराच वेळ बघत राहिले. जन्मभर सांगितलेली गोष्ट खरी निघाली, याचा आनंद निवृत्त शिक्षकाला काय होतो, ते तिथे दिसलं. नेमका हाच बघण्यातला वेळ महागात पडला. मूस उचलून साच्यापर्यंत नेईस्तोवर बीड थंडावलं आणि साच्यात जे गेलं ते अर्ध्या वाटेवर थिजलं. तवा म्हणून निघाली ती चतकोर चंद्रकोर. ठेल्यावर लगेच दोन गट पडले. एक म्हणे मुहूर्त चुकला, दुसरा म्हणे साळ्याकडे असंच झालं होतं. चंद्रकोर ठेलेवाल्यानं मागून घेतली आणि सुपारी फोडायला ठेवली.

त्यानंतरचा तवा पूर्ण गोल निघाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी तो पाण्यानं धुऊन ओट्यावर जरा जोरात ठेवला आणि त्याचे तीन तुकडे झाले. काकूंचा राग ओट्यावर निघाला, असं भिंतीपलीकडे ठरलं. बाबाजींनी एक तुकडा उचलून मोडलेली कड उजेडात धरली. करडी नव्हती, चांदीसारखी पांढरी होती. इथे पितळेची विद्या संपली. पितळ असं करत नाही.

खुलासा फोनवरून झाला. सरांचा एक विद्यार्थी हिंगण्याच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत आहे. तो म्हणाला, सर, पांढरं बीड झालं. पातळ ओतलं, थंड साच्यात ओतलं, झटकन गार झालं. बिडातला कार्बन सावकाश गार झाला तर ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपानं सुटा होतो आणि बीड करडं, सोशिक बनतं. घाई झाली तर तोच कार्बन लोखंडाला घट्ट धरून बसतो आणि बीड काचेइतकं ठिसूळ होतं. उपाय? साचा जरा कोमट ठेवा, जाडी वाढवा आणि ओतायच्या क्षणभर आधी चिमूटभर फेरोसिलिकॉन टाका. पुडी पाठवतो.

पुडी एसटीनं आली आणि पानठेल्यावर उतरली. काळपट करडी भुकटी, प्लॅस्टिकच्या पन्नीत बांधलेली. ठेल्यावरच्या एकानं ती खर्रा समजून उघडली, वास घेतला आणि "नागपूरचा माल बराबर नाही," असा शेरा मारून परत बांधली. हे थोडक्यात निभावलं.

तोवर तुमसर तालुक्यातून एका हितचिंतकानं आणखी एक भेट आणली होती: मँगनीजचा काळा, जड दगड. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणी त्याच तालुक्यात. मँगनीजनं पोलाद मजबूत होतं, मग तवा का नाही होणार, असा त्याचा सरळ हिशेब. पण खनिज ते खनिज, धातू नव्हे. आणि मँगनीज वाढलं की बिडाचा कल उलट पांढरं होण्याकडेच वाढतो. सरांनी तो दगड नाकारला नाही. आपल्या भागात भेट नाकारत नाहीत. तो आता तुळशीपाशी आहे.

या सगळ्यात मला किर्लोस्करांची फार आठवण यायची. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 मध्ये बेळगावला पहिला लोखंडी नांगर तयार केला आणि तो विकायला दोन वर्षं लागली, कारण लोखंडानं जमिनीत विष भिनतं अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत. त्यांचं चरित्र वाचताना आपण त्या शेतकऱ्यांना हसतो. पण तोच शेतकरी रोज येऊन नांगराकडे पाहत असेल, जराशी हातोडी मारून बघत असेल, "टोक लवकर झिजते" असं म्हणून जात असेल, आणि त्यातूनच पुढचा नांगर सुधारला असेल. गावाचा सल्ला शंभरातल्या नव्याण्णव वेळा निरर्थक असतो. मात्र उरलेला एक कुणाकडून येईल ते आधी कळत नाही, म्हणून सगळे ऐकावे लागतात. डार्बीनं भोक बुजवलं, पण त्याला जॉन थॉमस मिळाला होता. सरांना मिळाला तो पूर्ण वॉर्ड.

गडेगाव इथून जवळच. तिथल्या कारखान्यात ट्रकांचे गिअरबॉक्स तयार होतात, दातावर दात बिनचूक बसवून. त्याच तालुक्यात एक साधा गोल तवा एवढा छळतो, याचं सरांना वाईट वाटायचं. त्यांना कुणीतरी समजावलं की तिथे पगार असतो.

शेवटी तवा झाला. जाडी बोटभर ठेवली होती, साचा उन्हात तापवला होता. त्यासाठी मे महिन्याला काही वेगळं सांगावं लागलं नाही. बीड पांढरट पिवळं झाल्यावर सरांनी त्याकडे बघायचं टाळून पुडी टाकली, ढवळली, आणि बाबाजींनी "हं" म्हणताच एका दमात मूस ओतली. साचा रात्रभर कुणी उघडायचा नाही असं ठरलं. सकाळी रेती बाजूला केली. काळा, खरखरीत, कडेला किंचित फुगलेला, पण अख्खा. हातोडीनं वाजवून पाहिला. तुटला नाही. दुकानातल्या तव्याच्या दुप्पट वजन भरलं.

मग त्याला जवसाचं तेल चढवायचं. आमच्याकडे धानाच्या बांधीत धान निघायच्या आधीच जवस आणि लाखोळी फेकून देतात, उरल्या ओलीवर ती येतात. त्यामुळे जवसाचं तेल शोधायला कुठे जावं लागलं नाही. हे तेल तापलं की सुकून कडक होतं आणि लोखंडावर काळं, गुळगुळीत कवच धरतं. पण ते पातळ पुसायचं असतं. सरांनी प्रेमानं चोपडलं, तवा चिकट झाला. काकूंनी तो पुन्हा घासून काढला आणि फडक्यानं असं पुसलं, की तेल लावलंय की काढलंय कळू नये. इतक्या दिवसांत या कामात त्यांनी पहिल्यांदा हात घातला आणि ते पहिल्याच फटक्यात जमलं. धुरानं घर भरलं. ठेल्यावरून "काय जळून रायलं?" अशी एकमुखी चौकशी झाली.

पहिलं धिरडं चिकटलं, दुसरं फाटलं, तिसरं उलथलं. तांदळाच्या पिठाचं, बारीक चिरलेल्या सांबाराचं, म्हणजे कोथिंबिरीचं, जाळीदार. काकूंनी ते ताटात वाढलं, दुसऱ्या हातानं तवा उचलायला गेल्या आणि परत ठेवला. "याले दोन माणसं लागतात," म्हणाल्या. तेव्हापासून धिरडी झाली की तवा उचलायचं काम सरांकडे आहे. धिरडी त्या घरात आता बरीच होतात. भातही होतोच.

एक गोष्ट मात्र मला तेव्हा कळली. तवा जमल्याच्या दुसऱ्या दिवसापासून भिंतीवर कुणी नाही. अख्खा तवा कुणाला बघायचा असतो? त्यावर सल्ला देता येत नाही. राईस मिलवाला मिलवर गेला, कबाडीवाला फेरीला लागला, बाबाजी मुलीच्या ओसरीवर बसू लागले, आणि लाखनी पुन्हा महामार्गावरचे ट्रक मोजू लागली. ठेल्यासमोरचं बाकडं रिकामं पडलं. त्याच आठवड्यात ठेलेवाला, जो आजवर कधी भिंत ओलांडून आत आला नव्हता, तो वाडीत आला. काखेत पंपाची एक फुटकी बॉडी.

"सर, हे बीडच आहे जी. हातोडा मारून पाह्यलं," तो म्हणाला. "फुकट ठेवा. आता कढई करा. कढई तव्याहून कठीण असते म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"साळा," ठेलेवाला म्हणाला.